आधी हब, मग चाक

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला तारांचं चाक नवं नाही. सायकल, राजदूत, जावा, येझदी, बुलेट अशी दोन-तीन पिढ्यांची वाहनं तारांवरच फिरली. बाजारपेठेच्या गावात रिमचा आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढून देणारा एखादा कसबी माणूस अजून सापडतो. म्हणूनच एखाद्याच्या वाड्यात नाहीतर शेडमध्ये जुनी एमजी किंवा ट्रायम्फ उभी असेल आणि तिची चाकं बदलायची वेळ आली, तर तासगावात पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘त्यात काय एवढं, बुलेटचं चाक बांधणाऱ्याकडं द्या की.’ या सल्ल्यातला अर्धा भाग खरा आहे आणि उरलेला अर्धा जिवावर बेतणारा. कुठला भाग कुठला, हे कळायला हे चाक काम कसं करतं ते आधी पाहावं लागतं.

बैलगाडीच्या लाकडी चाकात वजन खालच्या आऱ्यांवर उभं असतं. तारेचं चाक याच्या उलट चालतं. तार दाब सोसत नाही, ताण सोसते. सगळ्या तारा आधीच ओढून ठेवलेल्या असतात आणि हब त्यांच्यामध्ये ताणून धरलेलं असतं. वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, इतकंच. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ साली विमानासाठी हलकं चाक हवं म्हणून ही कल्पना मांडली. ती रुजली मात्र सायकलीत. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात धंदा सुरू केला तो सायकलींचाच. पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तासगावच्या शेजारच्या या कारखानदारीची मुळं अशी तारांच्या चाकापर्यंत जातात.

सायकल आणि मोटारसायकल वळणावर कलते. कलल्यामुळे जोर चाकाच्या पातळीतच राहतो आणि आडवा धक्का थोडाच बसतो. मोटार कलत नाही. वळणावर तिचं सगळं वजन चाकाला आडवं ढकलतं, आणि हा आडवा जोर सोसण्यासाठी तारा वेगवेगळ्या कोनांत, आतल्या-बाहेरच्या रांगांत विणाव्या लागतात. म्हणून बुलेटच्या चाकाला चाळीस तारा पुरतात, पण एमजीबीला साठ आणि जग्वार ई-टाइपला बहात्तर लागतात. बुलेटचा कारागीर ताण ओळखतो, आऊट काढतो आणि तुटलेली तार बदलतो. हे त्याचं ज्ञान मोटारीलाही लागू पडतं. पण नवं चाक शून्यातून बांधायचं तर तारांचे कोन, रिम आणि हबमधलं आडवं अंतर आणि रिमच्या भोकांचा कल हे सगळं त्या-त्या चाकाच्या साच्यावर बसवावं लागतं. तो साचा त्याच्याकडे नसतो. देखभाल गावात करावी, बांधणी गावात करू नये, अशी माझी वाटणी आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी थापा मारणार नाही. शर्यतीच्या दृष्टीने तारांची चाकं जग्वारने सत्तर वर्षांपूर्वीच टाकून दिली. सी-टाइपने १९५१ आणि १९५३ ची ल मान्सची शर्यत तारांच्या चाकांवर जिंकली, पण त्यानंतर आलेल्या डी-टाइपला डनलॉपची हलक्या मिश्रधातूची भरीव चाकं होती आणि तिने १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षं तीच शर्यत मारली. गिऱ्हाइकाचं मन मात्र वेगळं चालतं. १९४५ ते १९४९ या काळातल्या एमजी टीसीला १९ इंची उंच तारांची चाकं होती. नंतरच्या टीडीला कारखान्याने पत्र्याची चाकं दिली, तेव्हा शौकिनांनी नाकं मुरडली. १९५३ च्या टीएफमध्ये तारांची चाकं पुन्हा मागणीनुसार मिळू लागली. पत्र्याचं चाक स्वस्त, मजबूत, धुवायला सोपं. तरीही लोकांना तारा हव्या होत्या. आजही कारण तेच आहे. शोभेसाठी हवीत असं सरळ कबूल केलं की निवड सोपी होते, कारण मग शोभा कुठे थांबवायची हेही ठरवता येतं.

ती हबपाशी थांबवावी. बाजारात चाकांची चर्चा तारांच्या संख्येपासून नाहीतर क्रोमच्या झळाळीपासून सुरू होते, आणि गफलत तिथेच होते. ब्रिटिश पद्धतीच्या या चाकाला नटबोल्ट नसतात. गाडीच्या हबवर बाहेरून उभे दाते कापलेले असतात आणि चाकाच्या पोटात आतून तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत बसतात आणि बाहेरून एकच मोठा नट सगळं दाबून धरतो. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकलवाल्या कंपनीने पहिल्या महायुद्धाआधी ही पद्धत रूढ केली. हेतू हा की पंक्चर झालं की एक नट सोडून चाक झटक्यात बदलावं. गाडीला गती देणं आणि ब्रेक लावल्यावर तिला थांबवणं हे दोन्ही जोर या दात्यांतूनच जातात. दाते झिजले की चाक हबवर किंचित मागेपुढे हलू लागतं आणि प्रत्येक ब्रेकला आणखी झिजतं. सरळ माथ्याचा दाता झिजून धारदार, टोकदार झालेला दिसला की त्या हबचं आयुष्य संपलं असं समजावं.

तपासणी फुकटात होते. चाक जॅकवर उचलावं, दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावं आणि चाक दोन्ही हातांनी पुढेमागे जोरात हलवावं. टक्क असा आवाज आला किंवा हाताला धक्का जाणवला तर दाते गेलेत. मग नवं चाक आणून उपयोग नाही. झिजलेलं हब नव्या चाकाचे दाते थोड्याच दिवसांत खाऊन टाकतं. उलटंही खरं आहे : जुनं झिजलेलं चाक नवं हब खातं. म्हणून खर्चाचा अंदाज बांधताना हब आणि चाक एकत्र धरावीत. पैसे कमी पडत असतील तर आधी हब घ्यावीत आणि चाकांसाठी थांबावं, तोवर गाडी उभी राहू दे. चार चकचकीत चाकं घेऊन ती जुन्या हबवर चढवणारे शौकीन वरचेवर भेटतात.

हबची दुसरी भानगड आट्यांची. गाडीच्या डाव्या अंगाला सुलट्या आट्याचा नट आणि उजव्या अंगाला उलट्या आट्याचा, अशी एमजी, ट्रायम्फ, जग्वार या ब्रिटिश गाड्यांची रीत आहे. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं, गाडीसमोर उभं राहून नाही. लक्षात ठेवायची खूण : गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेला नट फिरवला तर तो सुटतो. यामागे यंत्राचा विचार आहे. चालत्या चाकाखाली नट किंचित सरकू पाहतो, आणि आटे या बाजूने कापलेले असले तर तो सरकला तरी आवळण्याच्या दिशेनेच सरकतो. गाडी खोलताना कुणी डावी-उजवी हब अदलाबदल करून बसवली तर सगळं उलटं होतं. नट रस्त्यावर हळूहळू सैल होतो आणि पुढे चाक वाटेत निघून जातं. जुनी गाडी विकत घेतल्यावर मी पहिल्यांदा हेच बघेन. नटावर बहुधा सोडण्याची दिशा बाणाने कोरलेली असते. ती नटाची झाली, हबची नाही. हबचे आटे डोळ्यांनीच बघावेत.

आट्यांची जाडीही एक नसते. एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबीला एका इंचात १२ आटे आहेत, नंतरच्या एमजीबीला ८. बारीक आट्याचा नट जाड आट्याच्या हबवर हातोडीने ठोकून चढवणारे महाभाग असतात आणि तो काही फेरे चढतोही, पण त्यात दोन्हीचे आटे जातात. नट ठोकून फिरवायच्या कानांचा घ्यायचा की अष्टकोनी, हा मुद्दा त्यामानाने दिखाऊ. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरक्षेच्या नियमांमुळे बाहेर आलेले कान बंद झाले आणि अष्टकोनी नट आले. आपल्याकडे दोन्ही चालतात. कान सुंदर दिसतात. अष्टकोनीला वेगळा पाना लागतो आणि तो नेमका घरी राहतो.

मूळची पत्र्याची चाकं असलेल्या गाडीवर तारा चढवायच्या असतील तर वाट आणखी अवघड. सोपा उपाय म्हणून अॅडॅप्टर मिळतात. जुन्या चार बोल्टांवर ते कसायचे आणि त्यांच्या दात्यांवर चाक बसवायचं. ते वापरावेत, पण जुने बोल्ट अॅडॅप्टरच्या तोंडाबाहेर येत असतील तर कापून कमी करावे लागतात, नाहीतर चाक पूर्ण बसत नाही आणि बसल्यासारखं दिसतं. एमजीबीत आणखी एक अडचण आहे. तारांच्या चाकांची मागची धुरा मुळातच कमी रुंदीची असते. पत्र्याच्या चाकाच्या धुरेवर अॅडॅप्टर लावून चाक बसवलं की ते बाहेर येतं आणि मडगार्डला घासू शकतं. अशी गाडी हाती असेल तर माझं मत सरळ आहे : पत्र्याची चाकं घासून, रंगवून घ्या आणि तारांचा नाद सोडा.

हब ठरली की चाकाची निवड फारशी अवघड राहत नाही. कारखान्याने त्या गाडीला कोणकोणती चाकं दिली होती त्या यादीतच राहावं. एमजीएला १५ इंची, सुरुवातीला ४८ तारांचं. एमजीबीला १४ इंची, साडेचार इंच रुंदीचं, ६० तारांचं. ई-टाइपला १५ इंची, ७२ तारांचं. एमजीए जोरात चालवायची असेल तर ४८ ऐवजी ६० घ्यावं, कारण जोराच्या वळणांत ४८ तारांचं चाक लवकर ढिलं पडतं. एमजीबीला ७२ लावणं माझ्या मते हौसेचा भाग. ई-टाइपमध्ये १९६७-६८ च्या सुमारास चाकाच्या हबचं रूपच बदललं. आधीचं नागमोडी वळणाचं होतं, नंतरचं सपाट. सपाट हबमध्ये तारेला कमी वाकावं लागतं, म्हणून ते मजबूत मानलं जातं. प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं असेल तर सालाप्रमाणे घ्यावं, रस्त्यावर फिरायचं असेल तर सपाट घ्यावं.

क्रोमविषयी मात्र मी थोडा कडू आहे. क्रोमचा मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कणखर तार ठिसूळ होते. मुलामा चढवून झाल्यावर लगेच भट्टीत तापवून तो बाहेर काढावा लागतो. मोठे उत्पादक हे करतात. नळ आणि सायलेन्सर चमकवणाऱ्या लहान कारखान्याला ही पायरी ठाऊक नसली तर दिसायला तार उत्तम असते आणि तुटते अचानक. त्यामुळे जुनी चाकं आपल्याकडे क्रोम करून घेणं मी टाळेन. चमक हवीच असेल तर स्टेनलेस तारांचं तयार चाक घ्यावं. नाहीतर कारखान्याचा जुना चंदेरी भट्टीचा रंगच बरा. रंगात तडा दिसतो, गंज दिसतो, म्हणजे चाक बोलतं. पावडर कोटिंगचा जाड थर हेच झाकतो. शिवाय तार रिमला कसणाऱ्या निपलच्या आट्यांत आणि नट जिथे दाबून बसतो त्या कोनावर तो थर राहिला तर काही दिवसांत थर दबतो आणि नट सैल होतो. कोन आणि दाते मोकळेच राहायला हवेत, हे रंगाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही. टेप लावून चाक द्यावं.

नवं घ्यायचं की जुनं बांधून घ्यायचं? एमजीबीसारखं चाक सर्रास मिळतं, तिथे नवंच घ्यावं. टीसीचं १९ इंची चाक मिळणं अवघड, तिथे मूळ चाकाच्या हबचे दाते चांगले असतील तर नव्या तारा-निपलांसह ते बांधून घेण्यात अर्थ आहे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुनी तारांची चाकं हाताला लागतात. त्यांचं आयुष्य किती उरलं आहे हे कुणी सांगू शकत नाही. पान्याच्या मागच्या टोकाने एकेक तार हलकेच ठोकत जावं. चांगली तार टण्ण वाजते, सैल तार ठप्प बोलते. दोन-तीन सैल असतील तर ओढून घेता येतात. दहा-पंधरा असतील तर चाक भिंतीला टांगावं.

नव्या चाकांच्या बाबतीत मजा अशी की आपण ती इंग्लंडमधून मागवतो आणि त्यातली बरीच बनतात आपल्याच देशात. चेन्नईच्या पाडी भागातली व्हील्स इंडिया टीव्हीएस घराण्याच्या पुढाकाराने १९६० च्या सुमारास उभी राहिली. ट्रक-ट्रॅक्टरच्या चाकांसाठी ती ओळखली जाते, पण जुन्या गाड्यांची तारांची चाकंही ती निर्यातीसाठी बनवत आली आहे. इटलीत बोरानी आणि अमेरिकेत डेटन ही जुनी नावं आहेत. दोघांची किंमत मराठी खिशाला झेपणारी नाही, आणि ब्रिटिश गाडीला मूळ स्वरूपात ठेवायचं तर त्यांची गरजही नाही.

आता तो बुलेटचा मोह. टीसीचं चाक १९ इंची आणि बुलेटचं टायरही १९ इंची. ३.२५-१९ चं टायर सांगलीत कुठेही मिळतं, टीसीचं ४.५०-१९ मिळत नाही. म्हणून कुणीतरी बुलेटचं टायर चढवायचा घाट घालतंच. बसतं की नाही हा प्रश्नच नाही, ते बसवू नये. मोटारसायकलचं टायर गोल पाठीचं असतं, कारण ती कलते. मोटारीखाली ते एका बारीक पट्ट्यावर उभं राहतं, वळणावर त्याची बाजू दुमडते आणि मोटारीचं वजन पेलायला ते बनवलेलंच नसतं. टीसीचं टायर बाहेरून मागवावं लागतं आणि वाट पाहावी लागते. दुसरा मार्ग नाही.

ट्यूबचा मुद्दा खेड्यात राहणाऱ्याला शहरी शौकिनापेक्षा वेगळा वाटतो, आणि वाटायला हवा. प्रत्येक निपल रिममधून आत येतो, म्हणून साध्या तारांच्या चाकात हवा टिकत नाही. ट्यूब हवी आणि निपलची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून वर रबरी पट्टा हवा. अलीकडे आतून बंद केलेली, ट्यूबलेस टायर चालणारी चाकं मिळतात. परदेशात लोक तिकडे वळत आहेत, कारण ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. पण ट्यूबलेस चाकाची तार ओढली तर आतलं सील हलतं आणि हवा गळू लागते. मग आऊट काढायचा म्हणजे सीलही नव्याने करायचं. तासगाव-कवठे महांकाळ रस्त्यावर पंक्चर काढणारा ट्यूब आनंदाने जोडेल. गळणाऱ्या सीलचं तो काय करणार? म्हणून या भागात मी ट्यूबच्या बाजूने आहे, फक्त टायर ट्यूबसह वापरायला बनवलेलं असावं. काही ट्यूबलेस टायरच्या आतल्या रेघा ट्यूबला घासून भोक पाडतात.

बॅलन्सिंग हा विषय छोटा, पण त्याने डोकं फिरतं. टायरच्या दुकानातली यंत्रं मधल्या भोकावर चाक धरतात. तारांचं चाक दोन्ही बाजूंच्या कोनांवर बसतं, भोकावर नाही. यंत्रावर भलत्याच जागी धरलेलं चाक कितीही बॅलन्स केलं तरी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि दोष चाकावर येतो. उपाय म्हणजे जुनं टाकाऊ हब आणि नट सांभाळून ठेवणं. एखाद्या लेथवाल्याकडून त्याला यंत्राच्या दांड्यावर बसेल अशी बुश लावून घ्यावी. चाक त्यावर कसून मगच बॅलन्सला द्यावं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारे हात आहेत. रिमचा आऊट तपासताना दीड-दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घ्यावा. हातबांधणीच्या चाकात तेवढा असतो.

कायद्याकडे येऊ. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन-दुरुस्ती अशा कामांपुरता मर्यादित आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, ही अट. साध्या नोंदणीवर चालणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. कारखान्याच्या पर्यायांच्या यादीतच चाक निवडा, या माझ्या आग्रहाला कायद्याचाही आधार मिळतो तो असा. एमजीबीला तारांची चाकं कारखान्यातूनच मिळत होती, त्यामुळे ती लावणं उपरं ठरत नाही. रुंद मिश्रधातूची चाकं लावून मडगार्ड कापणं ठरतं.

चाकं आली, बसली, आता ती टिकवायची. तासगावात गाडी ठेवायला जागा म्हणजे अनेकदा बेदाण्याचं शेड. पिवळ्या बेदाण्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते. गंधकाचा तो धूर ओलाव्यात मिसळला की आम्ल होतो आणि क्रोम-पोलाद दोन्ही खातो. हंगामात त्या शेडमध्ये चाकं ठेवू नयेत, झाकून तर मुळीच नाही. सांगलीच्या नदीकाठी राहणाऱ्यांना पुराची भीती वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कृष्णाकाठच्या घरांत गाळ आणून टाकला. पुरात बुडालेलं चाक नुसतं धुऊन चालत नाही. नट सोडून दात्यांतला गाळ काढावा, ग्रीस नव्याने भरावं. गाळाची बारीक वाळू दात्यांत राहिली तर झीज दुप्पट वेगाने होते. एरवीही दाते, आटे आणि कोन यांना ग्रीस हवंच, आणि दर वर्षी एकदा चाक काढून ते बदलावं. न काढलेलं चाक हबला असं चिकटतं की सोडवताना दोन्हीपैकी एक मोडतं.

नट आवळताना चाक जमिनीवर नको, उचललेलं हवं, नाहीतर ते कोनावर मधोमध बसत नाही. हातोडा तांब्याचा नाहीतर शिशाचा. नवीन चाक लावल्यावर तीस-चाळीस किलोमीटरनी पुन्हा एकदा ठोकून पाहावं, कारण पहिल्या वापरात चाक थोडं बसतं आणि नट पुन्हा फिरतो.

राहिला प्रश्न पाचव्या चाकाचा. खर्च वाचवायला लोक चार नवी घेतात आणि स्टेपनीला जुनं ठेवतात. जुन्या चाकाचे दाते झिजलेले असले तर वाटेत ते नव्या हबवर चढणार, तेही पंक्चरच्या गडबडीत. म्हणजे ज्या नव्या हबसाठी इतके पैसे घातले, त्याची झीज त्या दिवसापासून सुरू. पाचही एकदम घ्यावीत, आणि डिकीत पाचव्या चाकाच्या शेजारी तांब्याचा हातोडा ठेवावा. अष्टकोनी नट असतील तर त्यांचा पानाही.